अंगणातलं आकाश





 नवरात्रात घट बसतात, धान उगवून वर येतं, आणि आळीआळीत पोरींचे भोंडल्याचे फेर सुरू होतात. कुणी भोंडला म्हणतं, कुणी हादगा. विदर्भ-खानदेशाकडे याच दिवसांत भुलाबाई बसते. पाटावर हत्ती काढायचा, पाट मधोमध ठेवायचा, हात धरून भोवती फेर धरायचा, आणि शेवटी खिरापत ओळखायची. हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! पण आमच्या गटातल्या एका ताईच्या तिसरीतल्या मुलीने आम्हाला विचारलं, "पाटावर हत्तीच का? बैल का नाही?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. उत्तर दिलं ते गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीने. त्या म्हणाल्या, "अगं, हत्तीचा पाऊस असतो ना आता, म्हणून हत्ती."

आजीचं उत्तर अगदी खरं होतं. आपल्या जुन्या लोकांनी आभाळातल्या सूर्याच्या वाटेचे सत्तावीस भाग केले. तीच सत्तावीस नक्षत्रं. एकेका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस असतो. मृगात आला की पेरणीची घाई, आणि सप्टेंबरच्या २६-२७ तारखेला तो हस्तात येतो. त्या हस्ताचा आपल्या बोलण्यात हत्ती झाला. म्हणजे पाटावरचा हत्ती हा सूर्याचा आभाळातला पत्ता आहे. त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या पोरी नकळत एक पंचांगच नाचतात.

मुलांना आकाश शिकवायचं तर जाड पुस्तक पाहिजे, नाहीतर मोबाइल पाहिजे, असं आपल्याला वाटतं. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास वेगळा आहे. नाच, गाणं, रांगोळी, खेळ यांतून लहान मुलांना आकाशाची ओळख करून देणं ही आपल्याकडची जुनी वाट आहे, आणि त्या वाटेवर बायकांची पावलं खूप आहेत. मधेच ती वाट मोडली. ती कुठे मोडली आणि कुणी पुन्हा बांधली, ते बघू.

हा विषय आमच्या डोक्यात आला तो ग्रहणामुळे. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशीला गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, पौर्णिमेच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वह्या भरल्या, आणि विषय ग्रहणावर गेला. आमच्यातल्या एका काकींची सून पाचव्या महिन्यात. रक्त कमी, आशाताईने दोनदा बजावलेलं, उपाशी राहू नको, गोळ्या चुकवू नको. काकी म्हणाल्या, "वेध दुपारी एकलाच लागतात. ग्रहण सुटतं रात्री दीडला. तोवर तिनं खायचं नाही, प्यायचं नाही, विळीला हात लावायचा नाही, एका जागी बसायचं." बारा तास! रक्त कमी असलेल्या पोरीने बारा तास पाण्याशिवाय बसायचं. सून खाली मान घालून बसली होती. आणि तिच्या शेजारी ती तिसरीतली मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती.

काकी काही वाईट बाई नाहीत. सुनेवर जीव आहे, म्हणूनच भीती आहे. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. मग आम्ही काय केलं, ते शेवटी सांगतो. आधी जरा मागे जाऊ.

चौदा-पंधराशे वर्षं मागे. आर्यभट नावाचे एक गणिती होऊन गेले. सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी 'आर्यभटीय' हा ग्रंथ लिहिला. तो सगळा श्लोकांत आहे. कारण तेव्हा शिकणं म्हणजे पाठ करणं, आणि पाठ होतं ते चालीत म्हटलेलं. त्या ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे समजावताना त्यांनी नावेचा दाखला दिला. नावेत बसून माणूस पुढे जातो, तेव्हा काठावरची झाडं मागे पळताना दिसतात. तसं पृथ्वी फिरते म्हणून तारे पश्चिमेला सरकताना दिसतात. आपल्याला एसटीत बसून हेच दिसतं की! झाडं पळतात, आपण जागेवर. ग्रहणाबद्दलही त्यांनी स्पष्ट लिहिलं. सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. म्हणजे ग्रहण ही सावली आहे, हे आपल्या देशात तेव्हाच लिहून ठेवलेलं होतं.

पण सगळ्यांना ते पटलं असं नाही. पृथ्वी फिरते या म्हणण्यावर पुढच्या काळात ब्रह्मगुप्तांसारख्या मोठ्या विद्वानानेही आक्षेप घेतला. वाद झाले, टीका लिहिल्या गेल्या. हे वाद चालले ते पाठशाळांत, आणि ते संस्कृतात होते. तिथे आपल्या पणज्या-खापरपणज्यांना कोण बसू देणार?

आता आपल्या महाराष्ट्राजवळ येऊ. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात विद्यार्थ्यांना आकाश समजावं म्हणून बांबूच्या कामट्यांचा गोल कसा बांधायचा, ते सांगितलंय. कामट्या वाकवायच्या, एकात एक कडी बसवायची, मधे पृथ्वी. आपल्याकडे टोपल्या विणणारे हात हे काम सहज करतील. त्यांची 'लीलावती' तर तुम्ही ऐकली असेल. हे गणिताचं पुस्तक आहे, आणि त्यातली कितीतरी गणितं एका मुलीला उद्देशून विचारली आहेत. ती त्यांची लेक होती, अशी गोष्ट पुढे सांगितली जाऊ लागली. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण गाव आहे. तिथल्या जुन्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तेही शिकवणं मोजक्या लोकांसाठीच.

मग बाकीच्यांचं आकाश कुठे होतं? ते अंगणात होतं, बायकांच्या हातात. विचार करा. संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार याकडे डोळे लावून कोण बसतं? आपणच. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे कुठल्याही बाईला पुस्तक न वाचता कळतं. तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो, जावयाला वाण द्यायचं असतं. तो का येतो? चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरसाल अकरा दिवसांची तूट. ती साठत जाते आणि महिनाभराची झाली की एक महिना वाढवून हिशेब मिटवतात. आपल्या गटाच्या थकबाकीसारखंच!

तिकडे पालघर-डहाणूच्या वारली वस्त्यांत लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात सूर्य असतो, चंद्र असतो. आणि तारपा वाजला की नाचणाऱ्यांची रांग गोल गोल वळत जाते. आज ती चित्रं साऱ्या जगात गेली. जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मुळात तो बायकांनी भिंतीवर लिहायचा मजकूर होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. आपल्या गाण्या-नाचांनी आकाशाचा हिशेब सांभाळला, तशी आकाशाची भीतीही सांभाळली. हत्तीचा पाऊस कधी येणार हे आईने लेकीला दिलं, आणि ग्रहणात पोटुशीने हलायचं नाही हेही आईनेच लेकीला दिलं. हिशेब अंगणात होता, पण त्यामागचं कारण मात्र पोथीत बंद. दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. वाट मोडली म्हणतो ती इथे.

पुढे इंग्रजी अमलात शाळा आल्या. १८४८ मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, म्हणून आज आम्ही माइकपुढे बोलतोय. पण हळूहळू शाळेतली पृथ्वी पुस्तकात चपटी होऊन बसली. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला किती वेळ लागतो? चोवीस तास. चंद्राला किती दिवस? सत्तावीस. उत्तर पाठ, मार्क मिळाले, संपलं. अंगणातल्या पोरी हातात हात घालून फिरत होत्या आणि वर्गात त्याच पोरी हाताची घडी घालून बसत होत्या.

ही घडी सोडवायला काही मोठी माणसं पुढे आली. बंगालमध्ये रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली. वर्ग झाडाखाली भरत. लहानपणी हिमालयात वडिलांनी त्यांना रात्री तारे ओळखायला शिकवलं होतं. ते त्यांच्या मनात इतकं रुजलं, की वयाच्या शहात्तराव्या वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी साध्या बंगालीत विश्वाची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं, 'विश्वपरिचय'. आणि हेच टागोर शाळेत नाच घेऊन आले. चांगल्या घरच्या मुलींनी नाचणं म्हणजे बदनामी, असा तो काळ. त्या काळात त्यांनी सिल्हेटकडे मणिपुरी नाच पाहिला आणि शिकवायला गुरू बोलावले. नाच हा शिक्षणाचा भाग आहे, हे त्यांनी करून दाखवलं.

दुसऱ्या एक बाई परदेशातून आल्या, मारिया मॉन्टेसरी. इटलीच्या डॉक्टर. १९३९ मध्ये त्या शिक्षकांना शिकवायला मद्रासला आल्या, तेव्हा महायुद्ध पेटलेलंच होतं. पुढे इटली शत्रूच्या बाजूला गेली, म्हणून सरकारने त्यांना परत जाऊ दिलं नाही. ती वर्षं त्यांनी मद्रास आणि कोडाईकनालला काढली. तिथेच त्यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक विचार पक्का केला. या वयाच्या मुलाला तुकडे तुकडे शिकवू नका, आधी सगळं विश्व त्याच्यापुढे ठेवा. सूर्य, पृथ्वी, पाणी, झाडं, माणसं, सगळं एकमेकांना बांधलेलं आहे हे दिसलं की मूल आपणहून प्रश्न विचारतं.

आणि आता आपल्या घरच्या दोघी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. मग त्यांना वाटलं, हे शहरातल्या चार घरांपुरतं राहून काय कामाचं? १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढलं. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि उरलेलं सारं आयुष्य या कामाला दिलं. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली वस्त्यांमध्ये.

तिथे मुलं शाळेत येईनात. कशी येणार? कुणी धाकट्याला कडेवर घेतलेलं, कुणी गुरं राखायला गेलेलं. मग या बायांनी ठरवलं, मूल शाळेत येत नाही ना, शाळाच मुलाकडे जाईल. अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. महागडी साधनं नाहीत. पानं, बिया, शिंपले, माती, आणि मुलांचीच गाणी, मुलांचेच नाच. अंगणवाडी हा शब्द आज आपण रोज उच्चारतो, तो या कामातून आला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण त्यांची खरी पावती म्हणजे आपल्या प्रत्येक गावातली ती खोली.

मैत्रिणींनो, आता १९७५ सालावर जरा थांबू. २०२५ मध्ये त्या सालाला पन्नास वर्षं झाली, आणि आपल्या आजच्या गोष्टीतले तीन धागे त्या एकाच सालात एकत्र येतात.

पहिला धागा १९ एप्रिल १९७५. भारताचा पहिला उपग्रह रशियाच्या मदतीने आकाशात गेला. त्याचं नाव ठेवलं 'आर्यभट'. नावेचा दाखला देणारे तेच आर्यभट.

दुसरा धागा १ ऑगस्ट १९७५. त्या दिवशी आकाशातून शाळा सुरू झाली. विक्रम साराभाईंचं स्वप्न होतं की अवकाशविज्ञान खेड्यातल्या माणसाच्या कामी यावं. ते स्वतः १९७१ मध्येच गेले, पण काम पुढे चाललं. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी मिळाला. तो आफ्रिकेच्या वर, जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटरवर उभा केला. आंध्र, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही बसवले. कितीतरी गावांनी टीव्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला. छतावर दहा फुटांची तबकडी, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. सकाळी प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी दीड तास कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, करमणूक. या प्रयोगाची व्यवस्था पाहणारे होते आपले मराठी शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस. आपल्या राज्याचं नाव त्या सहांत नव्हतं, पण आपल्या माणसाचा हात त्यात होता.

आता कुणी विचारेल, उपग्रह एका जागी उभा कसा राहतो? तो उभा नसतोच. एक बाई मधे उभी राहून जागेवर हळूहळू फिरतेय, आणि एक मुलगी तिच्याकडे तोंड करून भोवती फिरतेय, असं समजा. दोघींचा वेग जुळला की बाईला मुलगी कायम समोरच दिसते. पृथ्वीची एक फेरी चोवीस तासांत, उपग्रहाचीही तेवढ्याच वेळात. झालं! हे आमच्या चौथीच्या मुलांना दोन मिनिटांत कळलं. फळ्यावर कळायला आम्हाला कॉलेज लागलं.

तो उपग्रह वर्षभराचाच पाहुणा. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला आणि उपग्रह अमेरिकेने परत नेला. त्या अनुभवातून पुढे देशाचे स्वतःचे इन्सॅट उपग्रह आले, ही मोठी गोष्ट. पण ज्या मुलांनी वर्षभर सकाळी टीव्हीपुढे बसून डोळे विस्फारले, त्यांच्या शाळेतला तो तास गेला.

तिसरा धागा २ ऑक्टोबर १९७५. त्या दिवशी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. २०२५ मध्ये तिला पन्नास वर्षं पूर्ण झाली. आकाशातली शाळा वर्षात परत गेली. अंगणातली राहिली, कारण ती चालवायला गावातलीच बाई होती. आम्हाला या इतिहासातून सगळ्यात जास्त हेच लागतं.

त्याच काळात शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ पासून सोळा शाळांत एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी विज्ञान हाताने करून शिकायचं. पुढे आपल्या पुण्यात जयंत नारळीकरांच्या आयुका संस्थेने शाळेच्या मुलांसाठी दारं उघडली. राष्ट्रीय पुस्तकात पाचवीला सुनीता विल्यम्स यांचा धडा आला, अवकाशात त्यांचे केस कसे उभे राहतात, हे मुलांना त्यात दिसायचं. २०१४ मध्ये मंगळयान पोचलं तेव्हाचा, साड्या नेसून केसांत गजरे माळलेल्या इस्रोच्या बायांचा फोटो आमच्या गटाच्या खोलीत अजून लावलेला आहे. वाट बांधणारे हात थांबले नाहीत.

तर आता आमच्या ग्रहणाकडे. आम्ही जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना भेटलो. म्हटलं, मुलांचं ग्रहण नाचून घेऊया का? बाई हसल्या, पण तयार झाल्या. नुकत्याच गौरी गेल्या होत्या, फुगड्यांनी आमचे पाय अजून दुखत होते, म्हणून सुरुवात फुगडीनेच केली.

दोन सारख्या मुली फुगडी खेळल्या तर मधल्या जागेभोवती दोघी सारख्याच फिरतात. मग आमच्यातल्या एक दणकट वहिनी आणि पहिलीतली चिमुरडी अशी जोडी लावली. वहिनी जेमतेम जागच्या हलल्या, पोरगी मात्र भोवती गरागरा. पृथ्वी आणि चंद्राची फुगडी अशीच असते. चंद्र पृथ्वीला थोडा हलवतो, पण दोघांच्या फिरण्याचा मध्य पृथ्वीच्या पोटातच राहतो. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे कितीतरी ग्रह शास्त्रज्ञांना याच हिशेबाने सापडले. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या दोन शास्त्रज्ञांना एक तारा किंचित डुलताना आढळला. म्हणजे कुणीतरी त्याच्याशी फुगडी खेळतंय! त्या शोधाला २०१९ मध्ये नोबेल मिळालं.

मग खरं माप दाखवलं. पृथ्वी एका मोसंबीएवढी धरली तर चंद्र बोराएवढा, आणि दोघांत अंतर आठ फूट. सूर्य मात्र दुमजली घराएवढा, आणि तोही जवळजवळ एक किलोमीटर लांब, पार नदीपलीकडे. मुलांना सांगितलं, नाचात आपण जवळजवळ उभे राहतो, ते सोयीसाठी. खरं आकाश फार मोकळं आहे. हे सांगावंच लागतं, नाहीतर नाचातून चुकीचं चित्र बसतं.

शेवटी ग्रहण. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात अंधार केला. एका टोकाला बॅटरी, तो सूर्य. मधे पृथ्वी झालेली चौथीतली मुलगी जागेवर गिरक्या घेतेय. तिच्याभोवती पांढरा चेंडू हातात धरून फिरणारी आमची तिसरीतली मुलगी, तो चंद्र. आजीने टाळी धरली, मुलांनी स्वतःच चार ओळी जुळवल्या. चेंडू मुलीच्या मागे गेला आणि अंधारात गेला. "सावली!" सगळी पोरं ओरडली. मग एकाने विचारलं, "असं दर पौर्णिमेला का होत नाही?" केवढा शहाणा प्रश्न! चंद्राची वाट थोडी तिरकी आहे, साधारण पाच अंशांनी. म्हणून चेंडू कधी डोक्याच्या वरून नेला, कधी कमरेच्या खालून. सावली चुकली. सरळ रेषेत आला तेव्हाच ग्रहण.

हे सगळं बघायला काकी आल्या होत्या. मागे उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून. ती तिसरीतली पोर चेंडू घेऊन थेट त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "आजी, माझी सावली वहिनीच्या पोटावर पडली तर बाळाला काय होतं?" काकी म्हणाल्या, "काय होणार? काही नाही." पोर म्हणाली, "मग ग्रहणपण सावलीच आहे." काकी काही बोलल्या नाहीत.

७ तारखेच्या रात्री ढग येत-जात होते. दहाच्या सुमाराला चंद्राची कड काळवंडली. अकराला पूर्ण झाकला गेला, आणि काळा पडायच्या ऐवजी तांब्याच्या हंड्यासारखा लाल झाला. बाईंनी मुलांना सांगितलं, पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून गेलेला उजेड तेवढा त्याच्यावर पडतोय, जगातल्या सगळ्या पहाटा आणि संध्याकाळींचा. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघता येतं. सूर्यग्रहण मात्र कधीही तसं बघायचं नाही, त्याला खास चष्मा लागतो, हेही बजावलं.

काकी अंगणात आल्या नाहीत. देवापुढे माळ घेऊन बसल्या. पण दुसऱ्या दिवशी सुनेने आम्हाला सांगितलं, रात्री आठ वाजता काकींनी स्वतः ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. वरून तुळशीचं पान घातलं. म्हणाल्या, "खा. गोळी पण घे." काकींनी त्यांची श्रद्धा सोडली नाही, आणि सून उपाशी राहिली नाही. आम्हाला तेवढं पुरे होतं.

तर मैत्रिणींनो, भोंडल्याला एक करा. पोरींना हत्ती काढू द्या, फेर धरू द्या, गाणी म्हणू द्या. मग खिरापत वाटायच्या आधी थांबवा आणि विचारा, हत्तीच का? पाटावर हत्तीशेजारी एक पणती ठेवा, ती सूर्य. फेर धरणारी प्रत्येक पोर पृथ्वी. सांगा, तुमचा एक फेरा म्हणजे एक वर्ष, आणि आपली पृथ्वी त्या वर्षात चौऱ्याण्णव कोटी किलोमीटर चालते. पणतीकडे बघा, तिच्या पलीकडे भिंतीवर काय दिसतं? फेर सरकला की पलीकडचं दृश्य बदलतं. कधी तिथे मृग, कधी हस्त. जुन्या बायांना सूर्य चालताना दिसला, त्यांनी तो हिशेब ठेवला. चालतो आपण, हे आता तुमच्या लेकीला ठाऊक असू द्या.

अंगणवाडीताईंना बोलवा, शाळेतल्या बाईंना, गुरुजींना बोलवा. यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही. आणि मुलांनी असा काही प्रश्न विचारला की तुम्हाला उत्तर येत नाही, तर लाजू नका. वहीत लिहून आमच्याकडे पाठवा. आपण मिळून शोधू.